उजवा हात बांधलेला उन्हाळा

आमच्या मनीषनगरातल्या गल्लीत उन्हाळा गच्चीवरून उतरतो. होळी आटोपली की एकेका घराच्या जिन्यातून कूलर खाली यायला लागतात. पुढे एक जण, मागे एक जण, आणि जिन्याच्या वळणावर ‘अबे तिरपा कर, तिरपा!’ अशी ओरड. वर्षभर ताडपत्रीखाली झोपलेल्या त्या पत्र्याच्या पेट्यांतून आधी धूळ निघते, मग एखादी पाल, मग कबुतरांनी जमवलेल्या काड्या. अंगणात त्यांची आंघोळ होते. जुन्या ताट्यांचं काळं पडलेलं गवत कचऱ्यात जातं, नव्या वाळ्याच्या ताट्या लागतात, पंप खाकरत खाकरत सुरू होतो आणि संध्याकाळी ओल्या वाळ्याचा वास घराघरातून रस्त्यावर येतो. नागपूरचा उन्हाळा काय चीज आहे हे चांगलं ठाऊक असूनही, त्या वासासाठी मी त्याला दरवर्षी माफ करून टाकतो.

परवा आमचा कूलर उतरला. पुढे मी, मागे शेजारचे वानखेडे. जिन्याच्या वळणावर सगळा भार क्षणभर माझ्या उजव्या हातावर आला आणि काखेच्या पुढच्या घडीत, जिथे बोटभर लांबीचा व्रण आहे, तिथे थोडं ओढल्यासारखं झालं. दुखलं नाही. आखूड शिवलेल्या सदऱ्यात हात वर केला की शिवण ओढते, तेवढंच. वानखेड्यांनी मात्र लगेच विचारलं, “ठेवाचा का खाली?” मी म्हटलं, “नाही, चला.” आणि आम्ही चालत राहिलो. या व्रणाची आठवण माझ्याइतकीच वानखेड्यांनाही आहे, कारण त्या उन्हाळ्याचा बराचसा भार त्यांनी उचलला होता.

त्याला आता तीन-चार वर्षं झाली. त्या साली आमचा कूलर मी उतरवला नाही. माझा उजवा हात पोटाशी पट्ट्याने बांधलेला होता आणि मी खुर्चीत बसून ‘तिरपा करा, तिरपा’ एवढंच म्हणू शकत होतो.

माझी नोकरी वाडीला, एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात. बाहेर दिवसभर ट्रकांची घरघर, आत मी आणि माझी खुर्ची. अशा नोकरीत माणसाचं पोट पुढे येतं, दंड वाढत नाहीत. मला व्यायामाची आवड म्हणाल तर लहानपणी कॅरम खेळायचो, तेवढीच. पण बाबांना लकवा झाला. डावी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा पहिल्याच सकाळी त्यांना पलंगावरून खुर्चीत घेताना माझी पाठ धरली आणि बाबांना उचलायच्या ऐवजी मलाच कोणी उचलावं अशी वेळ आली. बाबा म्हणजे काही लहानसहान माणूस नव्हे. उभं आयुष्य कळमन्याच्या बाजारात हमाली केलेला, रुंद हाडांचा, सहा फुटी देह. म्हणून मी जिम लावली. लोक दंड फुगवायला जातात, मी बापाला उचलायला जातो, असं मी ऑफिसात मोठ्या तोऱ्यात सांगायचो. पहिले काही महिने ते खरंही होतं.

बाबांना या जिमचं फार नवल. एकदा त्यांनी मला नीट समोर बसवून विचारलं होतं, “म्हंजे तू तिथं जाऊन वजन उचलतं. मंग थे वजन कुठं नेऊन ठेवतं?”

“कुठंच नाही बाबा. होतं तिथंच परत ठेवतो.”

“अन् त्याचे पैसे?”

“मीच देतो.”

बाबांनी यावर काही वेळ विचार केला. मग सुनेला हाक मारून म्हणाले, “प्रज्ञा, पायलं का वं? आमाले उचलाचे पैसे भेटत होते. हा देऊन उचलते.” तेव्हापासून मी जिमला निघालो की प्रज्ञा हळूच विचारायची, “आज किती पोते?”

पण जमायला लागलं होतं. रोज सकाळी मी बाबांच्या पलंगाशी वाकायचो, त्यांचा उजवा हात माझ्या मानेभोवती पडायचा, माझे दोन्ही हात त्यांच्या पाठीमागे जायचे, आणि एका दमात बाबा वर यायचे. त्यांची दाढीची खुंटं माझ्या गालाला घासायची. मग खुर्चीत, मग न्हाणीघरात, मग पुन्हा खुर्चीत. दुपारी ऑफिसातून मधेच एक चक्कर, संध्याकाळी पुन्हा. वाडीहून मनीषनगर काही जवळ नाही. साहेब चांगले म्हणून चालून गेलं. माझ्या हातांना काहीतरी अर्थ आला आहे असं त्या दिवसांत वाटायचं. आणि खरं सांगायचं तर आरशात बघितलं की बरंही वाटायचं.

आमच्या जिममध्ये सोमवार हा छातीचा वार. कोणी ठरवला माहीत नाही, पण सोमवारी गेलात तर बाकावर नंबर लागत नाही. त्या सोमवारी मी पाठीवर आडवा झालो, वर बार, बाराला नेहमीपेक्षा जास्त वजन. डोक्याशी बंटी उभा होता. हा बंटी माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, मोबाईलचं दुकान चालवतो, स्वभावाने साखर. म्हणाला, “दादा, हात लावू का?” मी म्हटलं, “राहू दे, घेतो मी.” बार खाली आला, छातीला टेकायच्या आधीच काखेपाशी आवाज झाला. ओलं फडकं दोन्ही हातांनी फाडावं तसा. तो आवाज मला कानांनी ऐकू आला की आतून, अजून सांगता येत नाही. बंटीने आणि आणखी एकाने धावत येऊन बार उचलला म्हणून हे लिहायला मी शिल्लक आहे.

घरी आलो तोवर छातीपासून कोपरापर्यंत जांभळं काळं रक्त आत पसरत चाललं होतं. काखेच्या पुढे जी मांसाची घडी असते ती उजव्या बाजूला नाहीशीच झाली होती. तिथे नुसता खळगा. बाबांनी पलंगावरून मान वळवून पाहिलं, निरखून पाहिलं, आणि एकच प्रश्न विचारला, “हात कोन देल्ला होता?”

हा प्रश्न समजायला कळमना ठाऊक असावा लागतो. तिथे कोणताही हमाल आपल्या पाठीवर पोतं आपण घेत नाही. तो वाकून उभा राहतो, दोघे जण दोन टोकं धरून पोतं त्याच्या पाठीवर चढवतात, त्याला ते ‘हात देणं’ म्हणतात. पुढचं चालणं ज्याचं त्याचं. पण जमिनीवरून पाठीवर येईपर्यंत ओझं तिघांचं असतं. आज तू मला हात दे, घडीभराने मी तुला देतो. तिकडे याचे कोणी आभार मानत नाही, मोजतही नाही. मिरचीच्या हंगामात सगळे खोकत खोकत हात द्यायचे आणि बाबांच्या सदऱ्याला घरी आल्यावरही मिरचीची धग असायची.

“कोणी नाही बाबा,” मी म्हटलं. “मीच नको म्हटलं.”

“मंग फाटनच,” बाबा म्हणाले, आणि लगेच तिळाच्या तेलात हळद टाकून गरम करायला सांगितलं. चांगलं रगडून काढतो, उद्या ठीक होते, असं त्यांचं म्हणणं. प्रज्ञाने तेलाची बाटली उचलून कपाटात लपवली, हे फार चांगलं केलं. कारण दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, छातीचा स्नायू हाडापासून सुटून आला आहे. रगडलं असतं तर आणखी पंचाईत होती. तो पुन्हा हाडाला शिवावा लागणार होता. शिवला. मग हात पोटाशी बांधला. डॉक्टर म्हणाले, या हाताने सध्या पाण्याचा पेलाही धरायचा नाही, आणि जड काही उचलायचं नाव दिवाळीपर्यंत काढायचं नाही. पुढे सहज विचारलं, “घरी जड असं काय आहे उचलायला?”

“वडील,” मी म्हटलं.

ते हसले. मग माझा चेहरा पाहून हसायचे थांबले.

त्या उन्हाळ्यात बैठकीच्या खोलीत दोन पलंग पडले. बुद्धांच्या तसबिरीखाली, खिडकीशी एक बाबांचा, दाराकडे एक माझा, मधे हातभर जागा आणि दोघांवर एकच कूलर. बाबांचा डावा हात गेलेला, माझा उजवा बांधलेला. त्यांच्या उजव्याने आणि माझ्या डाव्याने मिळून आमचा एक धड माणूस होत होता. हे पहिल्यांदा कळलं ते डांगरावरून, म्हणजे खरबुजावरून. प्रज्ञा सकाळच्या शाळेवर शिकवायला गेली होती. डांगर समोर, सुरी समोर, आणि दोघांच्या तोंडाला पाणी. मी डाव्या हाताने डांगर दाबून धरलं, बाबांनी उजव्या हाताने कापलं. रस पलंगपोसावर सांडला, बिया कूलरच्या वाऱ्याने माझ्या मांडीवर आल्या, पण डांगर आम्ही संपवलं. नंतर अशी बरीच कामं निघाली. माझ्या सदऱ्याच्या गुंड्या बाबा लावायचे. पेपरचं एक पान ते धरायचे, एक मी. टूथपेस्टचं झाकण, औषधाचं पाकीट, कैरीच्या पन्ह्याची बाटली. एका सकाळी त्यांनी माझा कंगवा मागून घेतला आणि माझे केस विंचरून दिले, मधोमध भांग पाडून, मी दुसरीत असताना पाडायचे तसा. मी तो दिवसभर मोडला नाही.

हे सगळं आता सांगताना गोड वाटतं. तेव्हा खरा घोर वेगळाच होता. बाबांना उचलायचं कोणी?

सकाळी प्रज्ञा आणि वानखेडे मिळून उचलायचे, संध्याकाळी बंटी दुकानातून यायचा. पण दुपारचं काय? मधे एक माणूस ठेवून पाहिला. चांगला होता बिचारा, सवयीचा होता. पण परक्या माणसाने न्हाणीघरात नेलं की बाबा दगडासारखे बसून राहायचे, काही व्हायचं नाही, आणि परत आणल्यावर डोळे मिटून घ्यायचे. चार दिवसांत त्याला आम्हीच नाही म्हटलं. बाबा म्हणाले, “नोको कोनी. मले दुपारी लागतच नाही.” आणि खरंच दुपारी त्यांना लागायचं बंद झालं. आम्हाला वाटलं, बरं झालं, देह सवय करून घेतो.

मे महिना चढत गेला. नवतपा, म्हणजे वर्षातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, लागला. त्या दिवसांत आमच्याकडे दुपार म्हणजे एक मोठी झाकलेली भट्टी असते. रस्त्यावर कुत्रंही नसतं, कुठेतरी एखाद्या कूलरचा पंखा खडखडत असतो आणि बाकी सगळं गप्प. गच्चीवरची प्रज्ञाची झाडं एकेक करून करपली. मोगरा गेला, जास्वंद गेली. फक्त बाबांच्या उशाशी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेला मनीप्लांट असा माजला होता की पानं तळहाताएवढी. येणारा जाणारा विचारायचा, काय घालता हो याला? प्रज्ञा कौतुकाने सांगायची, घरातली सावली मानवली त्याला.

मग एका दुपारी बाबा बोलता बोलता भलतंच बोलायला लागले. मला ‘रामभाऊ’ म्हणून हाक मारली. रामभाऊ हे त्यांचे बाजारातले जुने सोबती, जाऊन कैक वर्षं झाली. ओठ सुकून पांढरे, जीभ कोरडी, अंग तापलेलं. गल्लीच्या तोंडाशी बसणारे डॉक्टर आले, त्यांनी सलाईन लावलं आणि म्हणाले, हे पाणीच पीत नाहीत. आम्ही म्हटलं, असं कसं, तांब्या रिकामा होतो रोज दोनदा. प्रज्ञाचं लक्ष तेव्हा मनीप्लांटकडे गेलं. तिने कुंडीत बोट घातलं. चिखल होता.

संध्याकाळी बाबा ठिकाणावर आले. मी त्यांच्या पलंगाच्या काठावर बसलो होतो. भीती वाटली की मला राग येतो.

“पाणी काहून नाही पेले बाबा?”

बाबा छताकडे पाहत होते. “पेलं का मंग मुताले लागते. लागलं का कोनाले तरी बलवा लागते. तुह्या हाताचं असं. तिची पाठ दुखून राहिली, ते सांगत नाही, पन मले दिसते. वानखेडे आपलं घर सोडून येते. किती लोकायनं उचलाव एका मानसाले?”

मी रडलो. एका हाताने डोळे पुसता येतात, पण रडणं लपवता येत नाही. चाळिशी ओलांडलेला मी, बापासमोर असा उघड्यावर रडलो आणि बाबांनी आपला उजवा हात माझ्या पाठीवर ठेवला, खाली-वर फिरवला, लहान मुलाला झोपवतात तसा. ज्याला बरं करायचं तोच माझं सांत्वन करत होता. प्रज्ञा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत गेली आणि तिने सरबत करून आणलं, तीन पेले. बाबांनी आमच्याकडे पाहत पाहत ते संपवलं.

दुसऱ्या दिवशी तन्वी मॅडम आल्या. त्या फिजिओथेरपिस्ट, खरं तर माझ्या हातासाठी यायच्या. पट्टा सैल करून, मला कमरेत वाकायला लावून, हात लंबकासारखा हलवायला सांगायच्या. वयाने आमच्या भाचीएवढ्या, पण आवाज असा की मी निमूट लोंबकळायचो. त्या दिवशी प्रज्ञाने त्यांना सगळं सांगितलं. त्या बाबांच्या पलंगाशी गेल्या, डाव्या तळपायाला आपला तळहात लावला आणि म्हणाल्या, “आजोबा, दाबा.”

बाबांनी दाबलं.

“अजून.”

मॅडमचा हात मागे सरकला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “यांना शेवटचं उभं कधी केलं होतं?”

“रोजच की. मी रोज उचलायचो.”

“उचलायचे. उभं नाही ना केलं?” त्या अगदी सहज म्हणाल्या. “होतं असं. घरात ताकदीचा माणूस असला की पेशंटचे पाय रिकामे बसतात. पायात जोर आहे यांच्या. कमी झालाय, पण आहे.”

मी दिवसभर हे वाक्य घोळवत होतो. मी रोज एका दमात बाबांना वर घ्यायचो, त्यांचे पाय जमिनीला लागायच्या आत खुर्चीत ठेवायचो, आणि माझ्या दंडांवर खूश व्हायचो. जे काम त्यांच्या पायांनी करायचं तेही माझे हात करत होते. काय म्हणावं याला? यात कोणाचं वाईट करायचा विचार नव्हता. माया होती, थोडी मिजास होती, आणि दोन्ही सारख्याच मापाने घातलेली होती.

मग त्या खोलीची व्यायामशाळा झाली. मी भिंतीसमोर उभा राहून बोटांनी भिंत चढायचो, कोळ्यासारखा, थोडी वर, अजून थोडी. बाबा खिडकीचा गज धरून पलंगावरून उठायचा सराव करायचे. नियम असा की त्यांना कोणी उचलायचं नाही. कमरेला रुंद पट्टा, तो एका बाजूने प्रज्ञाने धरायचा, एका बाजूने वानखेड्यांनी किंवा बंटीने. उठायचं मात्र बाबांनी. पहिल्यांदा मॅडमनी हे समजावून सांगितलं तेव्हा बाबा एकदम खुलले. “म्हंजे हात द्याचा,” ते म्हणाले. “असं सांगा नं मंग!” त्यानंतर कोणाला काही समजवावं लागलं नाही. बाबाच आरोळी द्यायचे, बाजारात देत असतील तशी, आणि त्या आरोळीबरोबर बैठकीच्या खोलीत तीन माणसं एकदम जोर करायची. पाय लटपटायचे. धपकन बसायचे. पुन्हा. आमच्यात चुरस लागली. बाबा म्हणायचे, “तू तं भितीवर मुंगी चालवून राहिला.” मी म्हणायचो, “तुमी तं गज मोडता आता.” आणि घोट घोट करत तांब्या रिकामा व्हायचा, खरोखरीचा. मनीप्लांट मात्र त्या महिन्यात पार उतरला.

आता मागे वळून पाहताना मला जाणवतं की त्या उन्हाळ्यात आमच्या घरी जो आला त्याने काहीतरी उचललं. वानखेड्यांनी सिलिंडर उचलला, बाबांना उचललं. त्यांची बायको येताना डबा घेऊन यायची, त्यात वडाभात असायचा, कधी सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची. बंटी रोज संध्याकाळी पाईप लावून कूलर भरायचा आणि तो भरेपर्यंत बाबांकडून बाजारच्या गोष्टी ऐकत बसायचा. बार पडला तेव्हा मी हात लावला असता तर, असं त्याच्या मनात राहून गेलं होतं, ते त्याने कधी बोलून नाही दाखवलं, पाणी भरून दाखवलं. साहेबांनी माझ्या खुर्चीवर कोणाला बसवलं नाही. प्रज्ञाने तर काय उचलायचं ठेवलं? शाळा, स्वयंपाक, दोन लंगडे पुरुष आणि त्यांचे रुसवे. तिची पाठ दुखायची आणि ती भिंतीला टेकून उभी राहायची, तेवढीच तिची विश्रांती. मी तिला एकदा म्हटलं, तुझे उपकार कसे फेडू? तर म्हणाली, “आधी स्वतःची चड्डी स्वतः घालायला शिका.” मी शिकलो. तिच्याविषयी मला जे वाटतं ते लिहायला गेलो की असंच काहीतरी होतं, म्हणून थांबतो.

आणि माझ्या त्या फाटलेल्या स्नायूचेही मी आभार मानतो. पट्टा सुटल्यानंतर आरशात पाहिलं तेव्हा उजवी छाती डाव्यापेक्षा चपटी दिसत होती, हात काटकुळा झाला होता, आणि काखेपुढची ती घडी पुन्हा जागेवर आलेली होती. कोणीतरी दोऱ्याने शिवून दिलं आणि पुढचं काम त्या देहाने मला न विचारता, झोपेतसुद्धा, केलं. मी त्याला इतकी वर्षं नोकरासारखं वागवलं. त्याने कधी पगारही मागितला नाही. त्या सकाळी मी उजव्या हाताने पाण्याचा पेला धरला, ओठांपर्यंत नेला, आणि एवढ्याशा गोष्टीने भरून आलं. प्रज्ञाला दाखवायला बोलावलं तर ती म्हणाली, “आता धुऊन ठेवा तो.”

जून सरत आला, शाळा उघडल्या. हवा चिकट झाली की कूलरचा उपयोग संपतो, नुसतं दमट वारं अंगावर येतं. तेव्हाच्या त्या दिवसांत एका दुपारी मी पलंगावर पडलो होतो. बाबा उठले. गज धरला, मग चारपायी काठी धरली, आणि माझ्याकडे न पाहता निघाले. काठी, पाय, मग तो ओढत आणलेला दुसरा पाय. मी उठून मागे जायला लागलो तर हात न हलवता नुसती मान हलवून त्यांनी मला थांबवलं. न्हाणीघराचं दार लागलं. आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला. दीड वर्षात आमच्या घरात बाबांनी लावलेली ती पहिली कडी होती. मी बाहेर उभा राहून ती ऐकली आणि मला इतका आनंद झाला की प्रज्ञाला शाळेत फोन लावला. ती वर्गात होती. तिने फोन घेतला आणि मी सांगितलं, बाबांनी कडी लावली. ती फोन बराच वेळ धरून राहिली.

बाबा परत आले, पलंगावर बसले, दम घेतला. तांब्यातलं पाणी स्वतः ओतून प्याले.

“झालं मंग बाबा,” मी म्हटलं. “आता माहा हात बरा झाला तरी तुमाले उचलाचं काम नाही राहिलं.”

बाबांनी तोंड पुसलं. खिडकीबाहेर पाहत राहिले. “पाय टेकते हे मले पयलेच समजलं होतं,” ते म्हणाले. “मांगच्या दिवाळीपासून. जोर नोता, पन टेकत होता.”

“अन् बोलले काहून नाही?”

“तू उचलत होता नं.”

मला कळलं नाही. बाबा तसंच बाहेर पाहत म्हणाले, “लहान होता तवा मी बजारातून आलो का तू धावत येऊन गळ्यात पडत होता. मिरचीनं तुहे डोये झोंबे, तरी सोडत नोता. मंग शायेत जाले लागला, मोठा झाला, मंग नाही आला. बरोबर आहे, मोठं पोरगं कायले येईन. लकवा झाला तवा आला पुन्हा. रोज सकायी.” एवढं बोलून त्यांनी तांब्या बाजूला सरकवला. “म्हून नाही बोललो.”

बाहेर कोणाच्या तरी घरी कूलर बंद झाला आणि गल्ली एकदम शांत झाली.

मी उठून त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. “उठा,” मी म्हटलं. हात दिला नाही, पट्टा धरला नाही. बाबांनी काठी रोवली, दात आवळले आणि आपल्या पायांवर उभे राहिले. माझ्याहून अजूनही दोन बोटं उंच. मी पुढे होऊन त्यांना मिठी मारली, उजव्या हाताने जितकी जमली तितकी. त्यांचा एकच हात चालतो, आणि त्या हातात काठी होती. बाबांनी ती सोडून दिली.